सीपॅप विकू नका, आधी मास्क बदलून बघा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ५४ वर्षांची. कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गेली दोन-तीन वर्षं सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, दिवसभर अंगात त्राण नसतं. मुलं पाढे म्हणत असताना खुर्चीतच डोळा लागायला लागला तेव्हा मी घाबरले. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी उतरत नाही. शेवटी मुलीने पुण्याला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची रात्रभराची तपासणी, करून घेतली. रिपोर्टमध्ये एएचआय ३८ आला, ऑक्सिजन ७६ पर्यंत खाली गेला होता. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा सोडणारं मशीन, सांगितलं. मुलीने दाब स्वतःच कमी-जास्त करणारं ऑटो मशीन घेऊन दिलं, त्याबरोबर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळाला.

महिना झाला. लावल्या लावल्या गुदमरल्यासारखं होतं. झोप लागली तरी रात्री दोनच्या सुमाराला मी तो कधी काढून टाकते ते मलाच कळत नाही. नाकाच्या हाडावर लाल व्रण, तोंडाला कोरड, सकाळी पोट टम्म फुगलेलं. सासूबाई शेजारीपाजारी सांगतात, "हिला ऑक्सिजन लागला." यजमान म्हणतात, "तुझ्यात चिकाटीच नाही." आठ दिवस झाले, मशीन पिशवीत घालून पलंगाखाली ठेवलंय. मे महिन्यात कोल्हापूरला भाच्याचं लग्न आहे. कार्यालयात आम्ही सगळ्या बायका एका हॉलमध्ये झोपणार, तिथे हे तोंडाला लावून कशी झोपू? आणि एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात, ते खरं का? मशीन विकून टाकावं असं वाटतंय.

– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, नमस्कार.

मशीन विकू नका. आज संध्याकाळीच ते पलंगाखालून बाहेर काढा आणि उशाशी टेबलावर ठेवा. लावायचं की नाही ते पुढे बघू, पण ते डोळ्यांसमोर असू द्या.

मी डॉक्टर नाही. स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीला रुग्णांना तारा लावायच्या, मास्क बसवायचा आणि सकाळी रात्रभराच्या नोंदी वाचायच्या, हे माझं काम. त्यामुळे प्रेशर किती ठेवायचं आणि औषधं कोणती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुमच्या पत्रातल्या तक्रारी मी रोज ऐकते. गुदमरणं, व्रण, कोरड, फुगलेलं पोट, दोन वाजता निघणारा मास्क, या प्रत्येकाला कारण आहे आणि त्यातलं एकही कारण चिकाटीचा अभाव हे नाही. तुमच्या यजमानांना हे उत्तर जरूर वाचायला द्या.

आधी एएचआयच्या त्या ३८ आकड्याबद्दल. झोपेच्या दर तासाला सरासरी ३८ वेळा तुमचा श्वास किमान दहा सेकंद थांबतो किंवा फार उथळ होतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. ५ च्या आत असेल तर काळजी नसते, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि तुमचा तीव्र गटातला आहे. झोपेत जीभ आणि घशाच्या मागचा मऊ भाग सैल पडतो, श्वासाची वाट मिटते. छाती हवा ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो. मग मेंदू तुम्हाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते आणि तुम्ही पुन्हा झोपता. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. रात्रभर असं चालल्यावर वर्गात डोळा लागला यात तुमचा काय दोष?

बायकांमध्ये हे उशिरा सापडतं याचं मला फार वाईट वाटतं. पुरुष घोरला की घर हसतं, पण निदान बोलतं तरी. बाई घोरते हे कोणी डॉक्टरांना सांगत नाही, तीही सांगत नाही. ती थकवा सांगते, डोकेदुखी सांगते, झोप लागत नाही म्हणते. मग रक्त वाढवायच्या गोळ्या होतात, थायरॉइड तपासून होतो आणि शेवटी "पाळी गेली की असं व्हायचंच" यावर विषय मिटतो. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रमाण खरोखरच वाढतं, पण म्हणूनच त्या वयात तपासणी व्हायला हवी. तुमच्या मुलीने तुम्हाला पुण्याला नेलं, तिचं मनापासून कौतुक.

आता गुदमरण्याकडे येऊ, कारण बहुतेक जण तिथेच हरतात. सीपॅप ठरावीक दाबाने हवा सोडतो आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ऑटो मशीन कारखान्यातून येतं तेव्हा त्यात बहुधा ४ ते २० अशी मर्यादा लावलेली असते आणि विकणारा माणूस पुष्कळदा ती तशीच ठेवून देतो. ४ चा दाब अनेकांना फार कमी पडतो. नाका-तोंडावर मास्क आहे आणि हवा पुरत नाही, असं वाटून जीव घाबरा होतो. तुम्हाला वाटतं मशीन गुदमरवतंय, प्रत्यक्षात ते कमी हवा देत असतं. उलट मध्यरात्री तेच मशीन दाब बराच वर नेतं, तेव्हा मास्कच्या कडेने हवा फुसफुसते, ती डोळ्यांत जाते आणि माणूस अर्धवट झोपेत मास्क ओढून काढतो. सुरुवातीचा आणि वरचा आकडा तुमच्या नोंदी बघून डॉक्टर आवळून देऊ शकतात. श्वास सोडताना दाब जरा उतरवणारी सोयही जवळपास सगळ्या मशीनमध्ये असते, ती चालू आहे का हे विचारा. मोबाइलवर व्हिडिओ बघून आतला मेनू उघडू नका आणि जावयालाही उघडू देऊ नका.

या नोंदी कुठे असतात? मशीनमध्येच. त्यातल्या छोट्या कार्डवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर रोज किती तास वापरलं, हवेची गळती किती झाली, दाब कुठवर गेला आणि मशीन लावूनही तासाला किती वेळा श्वास अडला, हे सगळं लिहिलेलं असतं. पुण्याला जाल तेव्हा मशीन बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्या नोंदी तुमच्यासमोर उघडायला लावा. "त्रास होतो" एवढंच सांगितलं तर "सवय होईल" एवढंच उत्तर मिळतं. "दोन वाजता गळती एकदम वाढते" असं कागदावर दिसलं की काहीतरी बदललं जातं.

आणि मास्क. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास चुकीच्या मास्कचा आहे. नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क सगळ्यात आधी हातात दिला जातो, कारण त्यात तोंड उघडलं तरी चालतं. पण त्याची कड लांब, म्हणून गळती जास्त, बहुतेकदा दाबही जास्त लागतो, आणि तो टेकतो नेमका नाकाच्या हाडावर. नुसत्या नाकावर बसणारा किंवा नाकपुड्यांच्या खाली टेकणारा छोटा मास्क ज्यांना जमतो, त्यांचा वापर साधारणपणे जास्त टिकतो. नाकपुड्यांखालचा तर नाकाच्या हाडाला शिवतही नाही, त्यामुळे व्रणाचा प्रश्न मिटतो. अट एकच, नाक मोकळं हवं. तुमचं नाक चोंदतं का, हे पत्रात नाही. चोंदत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा वाकडा असतो, अ‍ॅलर्जी असते, कधी नुसत्या स्प्रेने काम होतं. घरी मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

मास्क बसवून घेताना दुकानात उभ्याने आरशात बघून "छान बसला" म्हणू नका. आडवं व्हा, मशीन चालू करा, रात्रीचा नेहमीचा दाब येऊ द्या आणि मग पट्टे ओढा. चेहऱ्याचं मांस आडवं झाल्यावर सरकतं, बसून घेतलेलं माप रात्री खोटं ठरतं. सगळे पट्टे आधी सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढून परत टेकू द्या म्हणजे त्याची सिलिकॉनची गादी फुगून नीट बसते, मग दोन्ही बाजू सारख्या आवळा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. गळती झाली की आपण पट्टा आणखी आवळतो, गादी चेपते, गळती वाढते, आपण पुन्हा आवळतो. तुमच्या नाकावरचा व्रण याच आवळण्याने झालेला असणार. तो भरेपर्यंत त्या जागी मास्क टेकू देऊ नका, आणि कातडी फुटली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मास्कवर बारीक भोकं दिसतील. ती श्वासातली वापरलेली हवा बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. आवाज येतो म्हणून त्यांवर पट्टी चिकटवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

परदेशी पुस्तिकेत नसतात अशा काही गोष्टी आपल्या बायकांसाठी सांगते. नाकात चमकी असेल तर नाकपुडीखालचा मास्क तिथे नीट टेकत नाही, रात्रीपुरती ती काढून ठेवा. मोरणी निघत नसेल तर मास्क निवडतानाच तसं सांगा. केसांना तेल रात्री लावून झोपायची सवय असेल तर ते सकाळकडे न्या. तेलाने पट्टे चिकट होतात, सिलिकॉन लवकर खराब होतं आणि मास्क घसरतो. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवा, क्रीम नको. अंबाडा घालून झोपत असाल तर मागचा पट्टा त्यावर चढतो आणि पुढचा मास्क वर ओढला जातो, त्यापेक्षा सैल वेणी घालून एका खांद्यावरून पुढे घ्या.

तोंडाची कोरड दोन कारणांनी येते. एक, तोंड उघडं राहून हवा तिथून निसटते. दुसरं, पाण्याची टाकी कोरडी असते किंवा ओलाव्याचं बटण शून्यावर असतं. तुमच्या मशीनला पाण्याची टाकी आहे ना? तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरा, औषधाच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं, मात्र बॅटरीवाल्याकडून घेताना ते निव्वळ पाणी आहे, आम्ल नाही, हे लेबलवर वाचा. एखाद्या रात्री नसेलच तर उकळून गार केलेलं पाणी चालेल, रोज मात्र नको, टाकीला क्षार धरतात. ओलावा एकेका आकड्याने वाढवत जा. थंडीत नळीत पाण्याचे थेंब जमून गुडगुड आवाज येतो आणि तोंडावर पाणी उडतं, तेव्हा जुन्या सुती साडीच्या कापडाची खोळ शिवून नळीवर चढवा आणि नळी पांघरुणाखालून घ्या. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाका, टाकी उपडी ठेवा. मास्कची गादी रोज ओल्या फडक्याने पुसायची, आठवड्यातून एकदा मास्क, नळी, टाकी साध्या सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवायची. जंतुनाशक द्रव, ब्लीच काही नको. ओझोनने साफ करणारी महागडी यंत्रंही ऑनलाइन विकतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० साली त्यांबद्दल सावध केलं होतं. घेऊ नका. मशीनच्या मागची गाळणी मात्र दर पंधरवड्याला बघा. तुमच्या भागात उसाचं पाचट पेटतं तेव्हा ती दोन दिवसांत काळी होते.

पोट फुगतं, कारण दाबाची हवा अन्ननलिकेत जाते. दाबाची मर्यादा नीट झाली की हे बहुतेकदा आपोआप कमी होतं. तोवर रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका, उशीकडची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपा. कुशीवर झोपण्याने घसाही कमी मिटतो.

आता सवयीचं. झोपायच्या वेळी अंधारात, दमलेल्या अंगाने नवीन गोष्ट शिकायला जाऊ नका. दिवसा शिका. संध्याकाळी मालिका बघताना मास्क नुसता हातात धरा, पट्टा न लावता नाकावर टेकवा, मशीन चालू करून हवा कशी येते ते बघा, कंटाळा आला की काढा. दुसऱ्या दिवशी पट्टा लावून थोडा वेळ बसा. मग रविवारी दुपारी त्यातच पडा. भीती गेल्याशिवाय पुढची पायरी नको. एखाद्याला चार दिवस लागतात, एखाद्याला तीन आठवडे, दोन्ही ठीक. रात्री जाग आली आणि मास्क निघालेला दिसला तर रागवू नका, परत लावा आणि झोपा. तो परत लावणं हीच खरी सवय. झोपेची गोळी मात्र स्वतःहून घेऊ नका, त्यातल्या काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

रात्री दोनच्या आकड्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. ४ तास लावलं की पुरे, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. हा आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आलाय. तिथे ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर दिसला तरच मशीनचे पैसे मिळत राहतात. तुम्ही शिक्षिका आहात, ३५ मार्कांना पास म्हणजे विषय आला असं तुम्ही मानत नाही. शिवाय स्वप्नांची झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे असते. तेव्हा अंगाचे स्नायू सगळ्यात सैल असतात आणि अनेकांचा श्वास तेव्हाच सगळ्यात जास्त वेळ अडतो, ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. दहाला लावून दोनला काढलं तर नेमके तेच तास उघडे पडतात. म्हणून पहाटेचे तास वाचवायचे, हे ध्येय ठेवा.

आणि शाळेत कशा जाता? तुमच्या भागात बहुतेक शिक्षिका स्कूटीवर जातात, म्हणून विचारते. दिवसा खुर्चीत डोळा लागतो अशा अवस्थेत गाडी चालवू नका. मशीन नीट लागून झोप सुधारेपर्यंत एसटीने जा किंवा सहकारी बाईंच्या मागे बसा. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांच्यावर चिडू नका. कोविडच्या दोन वर्षांत त्यांनी टीव्हीवर आणि कदाचित नात्यातही तोंडावर मास्क लावलेली माणसं पाहिली आहेत, त्यातली कित्येक घरी परतली नाहीत. तोंडाला मास्क म्हणजे शेवट जवळ आला, हे त्यांच्या मनात तिथून बसलंय. त्यांना जवळ बसवा, मशीन चालू करा आणि त्यांचा हात नळीसमोर धरा. यात सिलेंडर नाही, ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा जोराने येते, हे हाताला कळलं की तोंडातून "ऑक्सिजन" जाईल. जमलं तर स्लीप स्टडीचा तुमचा आलेख मुलीला घरी समजावून सांगायला लावा. यजमानांनी तुमचा श्वास थांबताना कधीतरी नक्की ऐकलं असेल. घोरणं एकदम बंद, मग शांतता, मग मोठा धापेचा श्वास. ती शांतता कशाची होती, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसावं.

लग्नाचं सांगते. मशीन घेऊन जा. कार्यालयात पोचल्यावर पहिलं काम, भिंतीकडेची सॉकेटजवळची जागा धरायची आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड बरोबर ठेवायचा. प्रवासात टाकीतलं पाणी काढून टाका, नाहीतर ते मशीनच्या आत जातं. दोन रात्री पाण्याशिवाय काढल्या तरी चालतं, फक्त नाक-घसा जरा कोरडा वाटेल. मध्येच लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. नाकाच्या मास्कमध्ये तोंडाने श्वास घेता येतो, आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर मशीन आरामात चालतं, पाणी तापवणं बंद ठेवलं तर वीज फारच कमी लागते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, एवढं इलेक्ट्रिशियनला विचारा.

लाज वाटते हे मला कळतं. चांगली तयार होऊन गेलेली बाई रात्री सगळ्यांसमोर नळी लावून झोपते, त्याचं दडपण असतंच. पण विचार करा, त्या हॉलमध्ये तुम्ही मशीन न लावता झोपलात तर रात्रभर तुमचं घोरणं सगळ्यांना ऐकू जाईल. मशीनचा आवाज त्यापुढे काहीच नाही. झोपायच्या आधी तुम्हीच सांगून टाका, "मला झोपेत श्वास थांबायचा त्रास आहे, हे लावून झोपते." इतकं पुरतं. आणि मला जवळपास खात्री आहे की त्यांतली एखादी वहिनी किंवा मावशी सकाळी चहाच्या वेळी तुम्हाला बाजूला घेऊन विचारेल, "अगं, मलाही दिवसभर झोप येते, कुठे तपासलंस?"

सवय लागून ती सुटत नाही का, याचं सरळ उत्तर. मशीनने घसा दुबळा होत नाही. ते लावता तोवर वाट उघडी, बंद केलं की काही रात्रींत सगळं पूर्वीच्या जागी. त्याला व्यसन म्हणत नाहीत, आजार अजून आहे एवढाच त्याचा अर्थ. वजन उतरलं तर फरक पडतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासातून २०००च्या सुमाराला दिसलं की वजन १० टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी होतं. तुमच्या ३८चं २८ झालं, तरी ते मध्यम गटातच राहील, म्हणजे वजन उतरवा पण तोवर मशीन सोडू नका. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी आणि शस्त्रक्रिया हेही मार्ग आहेत. वजनाच्या एका इंजेक्शनलाही अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी मान्यता मिळाली. यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते डॉक्टर बघतील. तीव्र आजारात पहिला उपचार आजही सीपॅपच आहे.

एक माहिती द्यावीशी वाटते, म्हणजे या मशीनकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल. १९८० पर्यंत तीव्र आजाराच्या माणसाला डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायला सांगत. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी नाकातून दाबाची हवा सोडून बघितली आणि रुग्ण रात्रभर झोपला. १९८१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. सुरुवातीच्या रुग्णांचा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे आणि यंत्र खोलीभर घुमे. तरीही ते लावत, कारण त्यांना पहिल्यांदा जागं झाल्यासारखं वाटत होतं.

मशीन विकायचं नाही हे ठरलंच, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी जुनं मशीन घेणार असेल तर थांबा. २०२१ साली फिलिप्सने आतला फोम खराब होत असल्यामुळे जगभरातली लाखो मशीन परत मागवली होती. जुन्या मशीनचं मॉडेल आणि क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि मास्क तर दुसऱ्याचा वापरूच नका.

बीपीबद्दल खोटी आशा लावत नाही. मशीनने बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, तीन-तीन गोळ्यांनीही ज्यांचं बीपी उतरत नाही त्यांच्यात थोडं जास्त. २०१६ साली सात देशांत, भारतातही, झालेल्या मोठ्या अभ्यासात सीपॅपने हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात लोकांचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता, हेही लक्षात घ्या. पण दिवसाची झोप, मनाची उदासी आणि कामावरची हजेरी यांत त्या लोकांना स्पष्ट फरक पडला. तुम्हालाही आधी तोच जाणवेल. बीपी उतरायला लागलं तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दर आठवड्याला बीपी मोजून वहीत लिहा, ती वही आणि मशीन, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि मोठा मास्क बदलून द्यायला विक्रेता कुरकुर करत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या, अनेक दुकानं काही दिवसांत मास्क बदलून देतात. तशी सोय तुमच्याकडे आहे का, हे मुलीला आजच फोन करून विचारायला सांगा.

– तुमची, सल्ला सदराची ताई